खांद्याचा सांधा बदलल्यावर पुन्हा कामाला लागताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

खांदेबदलाच्या ऑपरेशननंतर घरी मिळणारं माहितीपत्रक बहुतेक वेळा खुर्ची-टेबल, शॉवर आणि कमोड असलेल्या घरासाठी लिहिलेलं असतं. मराठवाड्यात माणूस घरी येतो तो बाजेवर झोपायला, बादलीने आंघोळ करायला, जमिनीवर बसून जेवायला. महिनाभरात पाण्याचा, गुराढोरांचा आणि शेताचा विषय निघतोच. पुढची उत्तरं त्या घरासाठी आहेत. दिलेले आठवडे साधारण अंदाजाचे आहेत. तुमच्या सर्जनने वेगळं सांगितलं असेल तर त्यांचंच धरा, कारण आत काय शिवलंय आणि हाड कसं होतं हे त्यांनी डोळ्याने पाहिलेलं असतं.

"साधा" सांधा आणि "उलटा" सांधा म्हणजे काय? आम्हाला ते कळून काय उपयोग?

उपयोग फार मोठा आहे, कारण दोन्हींची पथ्यं वेगळी.

खांद्यात दंडाच्या हाडाचा गोळा पाठीच्या फऱ्याच्या (खांद्यामागच्या चपट्या हाडाच्या) उथळ वाटीत फिरतो. साध्या बदलात गोळ्याच्या जागी धातूचा गोळा आणि वाटीच्या जागी टणक प्लास्टिकची वाटी बसते. सांध्याभोवतीचे स्नायू शाबूत असतील तर हा बदल करतात. आत शिरण्यासाठी पुढचा एक स्नायू सोडवून शेवटी परत शिवावा लागतो. तो हात आतल्या बाजूला वळवतो. ती शिवण धरेपर्यंत हात बाहेरच्या बाजूला फार वळवायचा नाही (साधारण ३० अंशांपर्यंतच), आणि आतल्या बाजूला जोर लावून ओढायचं नाही.

उलट्या बदलात गोळा फऱ्याला बसतो आणि वाटी दंडाच्या हाडाला. खांद्याचे आतले स्नायू फाटून निकामी झाले असतील, किंवा वयस्कर माणूस पडून गोळ्याचे तुकडे झाले असतील, तर बहुधा हाच बदल करतात. फ्रान्समधल्या पॉल ग्रामाँ यांनी १९८५ च्या सुमारास ही रचना आणली. हात उचलायचं सगळं काम ती खांद्यावरच्या जाड स्नायूवर टाकते. या सांध्याला भीती असते निसटण्याची. कोपर मागे, हात अंगाला चिकटलेला आणि तळवा पाठीकडे, ही ती स्थिती. पॅन्टच्या मागच्या खिशातून पाकीट काढताना हात नेमका तसाच होतो.

तुमचा कोणता आहे हे डिस्चार्ज कार्डावर लिहिलेलं असतं. नसेल तर पुढच्या तपासणीला विचारून लिहून घ्या.

दुखणं गेलं, झोप लागते, हात हलका वाटतो. आता काम का करू नये?

कारण दुखणं आणि जोड भरणं यांचं वेळापत्रक एक नाही. झिजलेला सांधा काढून टाकल्यामुळे जुनी ठणक चार-सहा आठवड्यांत बरीचशी जाते. शिवलेला स्नायू हाडाला चिकटायला मात्र सहा ते बारा आठवडे घेतो, आणि त्यानंतरही त्याची ताकद कमीच असते. सहाव्या ते बाराव्या आठवड्यात माणसाला आपण बरे झालो असं वाटतं, आणि हाताची वाट बहुतेक तेव्हाच लागते. कोणी गोठ्यातल्या वासराचं दावं धरतं, कोणी एका हाताने शटर ओढतं. "काही नाही, थोडं कट्‌कन झालं" म्हणून सोडून दिलेली शिवण सुटलेली असू शकते. साध्या बदलात ती सुटली तर हात कायमचा दुबळा राहतो आणि सांधा पुढच्या बाजूला सरकायला लागतो.

या काळात एकच खूण लक्षात ठेवा. आपलं कोपर आपल्याला दिसलं पाहिजे. उभे असा, झोपलेले असा, बसलेले असा, मान न वळवता कोपर दिसत असेल तर हात सुरक्षित जागी आहे.

गळ्यातला पट्टा किती दिवस?

बहुतेकांना चार ते सहा आठवडे, झोपेतसुद्धा. आंघोळ, व्यायाम आणि जेवण यांच्यापुरता काढायचा. मनगट पट्ट्याबाहेर लोंबकळलं की हाताला सूज येते, म्हणून पट्टा बोटांच्या बुडापर्यंत आणा. मानेवर काचत असेल तर मऊ फडक्याची घडी घाला. लग्नकार्यात, बाजारात, बसमध्ये पट्टा हवाच. त्याने हाताला आधार मिळतोच, शिवाय समोरचा माणूस धक्का द्यायच्या आधी थांबतो.

पहिल्या आठवड्यात दंड आणि कोपर काळंनिळं, मग पिवळं पडतं. रक्त खाली उतरतं, त्यात काही बिघाड नाही.

झोपायचं कसं? बाजेवर चालेल का?

सुंभाची किंवा पट्टीची सैल बाज या कामाला वाईट. मध्ये खोलगट होते, कोपर मागे पडतं आणि रात्रभर शिवणीवर ताण राहतो. लाकडी पलंग, दिवाण किंवा कडक गादी घ्या. पाठीमागे उशा लावून अर्धवट बसल्यासारखं, ३० ते ४५ अंशांवर टेकलात तर पहिले दोन-तीन आठवडे बरे जातात. कोपराखाली घडी केलेली वाकळ किंवा गोधडी ठेवा, इतकी जाड की कोपर छातीच्या पातळीला येईल. चांगल्या कुशीवर साधारण सहा आठवड्यांनंतर, पुढ्यात उशी घेऊन त्यावर हात ठेवून. ऑपरेशनच्या कुशीवर तीन महिने नाही.

आंघोळ कधी? उन्हाळ्यात काखेत घामोळं आलंय.

टाके साधारण १० ते १४ दिवसांनी निघतात. तोवर जखमेवर पाणी नको, अंग पुसून घ्या. त्यानंतर स्टुलावर बसून, चांगल्या हाताने तांब्या घेऊन आंघोळ करा. बादली दुसऱ्याने भरून आणायची.

काखेची स्वच्छता लोक विसरतात, आणि खांद्याच्या सांध्यात होणारा जंतुसंसर्ग बऱ्याचदा कातडीवरच्याच एका जंतूमुळे होतो. तो हळू वाढतो. ताप येत नाही, पू दिसत नाही, फक्त महिनोन्‌महिने दुखत राहतं आणि हात आखडतो. परभणी-नांदेडकडचा एप्रिल-मे, ४२-४३ अंश, त्यात हात अंगाला बांधलेला, म्हणजे काख दिवसभर ओली. उपाय सोपा आहे: टेबल धरून कमरेत वाका, हात नुसता खाली लोंबू द्या. काख आपोआप उघडते. हात उचलायची गरज पडत नाही. ओल्या फडक्याने पुसा, कोरडी करा, मग सुती रुमालाची घडी ठेवा आणि ती दिवसातून तीन-चारदा बदला. टाल्कम पावडरचे थर नकोत, घामाने त्याचा लगदा होतो.

कपडे कसे घालायचे? नऊवारी, धोतर?

ऑपरेशनचा हात बाहीत पहिला जातो आणि शेवटी बाहेर येतो. पुढून बटणं असलेला सदरा, पुढे हूक असलेलं ब्लाउज, गाऊन हे सोयीचं. डोक्यावरून काढायचं बनियन काही आठवडे विसरा. सलवारीची किंवा पायजम्याची नाडी पुढे बांधता येते, अडचण नाही.

काष्टा खोचणं ही मात्र खरी अडचण आहे. धोतराचा असो की नऊवारीचा, हात मागे वळवून कमरेत खोचावा लागतो, आणि उलट्या सांध्याला हीच हालचाल वर्ज्य. बारा आठवडे लुंगी, पायजमा किंवा पाचवारी. त्यानंतरही उलट्या सांध्याच्या पुष्कळ जणांचा हात पाठीमागे पूर्वीइतका जात नाही. ते आधीच माहीत असलेलं बरं. फेटा-पटका बांधणं, वेणी घालणं या दोन्ही हात डोक्यामागे नेण्याच्या गोष्टी तीन-चार महिन्यांनी. तोवर लेक-सून आहेच.

जमिनीवर बसणं-उठणं आणि संडासचं काय?

या प्रश्नाला छापील पत्रकात जागा नसते आणि विचारायला माणसं लाजतात. म्हणून सविस्तर सांगतो.

जमिनीवरून उठताना आपण नकळत तळवा टेकून जोर देतो. तेवढ्याने सगळ्या अंगाचा भार खांद्यावर येतो, तोही हात मागे असताना. साध्या बदलात शिवण तुटू शकते, उलट्यात सांधा निसटू शकतो. तीन महिने पाट-चटई बंद. जेवण, देवपूजा, भाजी निवडणं सगळं खुर्चीवर किंवा पलंगाच्या काठावर. खुर्चीतून उठतानाही त्या बाजूच्या हातावर भार द्यायचा नाही. पुढे सरकायचं, पाय मागे घ्यायचे, पुढे झुकायचं आणि मांड्यांच्या जोरावर उठायचं. गुडघे दुखत असतील तर खुर्चीखाली विटा लावून ती चार-पाच इंच उंच करा. खाली बसावंच लागलं तर उठताना चांगल्या कुशीकडे वळा, गुडघ्यांवर या आणि चांगला हात स्टुलावर ठेवून उठा.

भारतीय पद्धतीच्या संडासात दोन अडचणी: उठताना आधार लागतो आणि धुवायला हात मागे जातो. चांगल्या हाताच्या बाजूच्या भिंतीला पक्की लोखंडी पट्टी बसवून घ्या (नळाच्या पाइपला धरून उठू नका, तो निखळतो). कमोडची खुर्ची औषधांच्या मोठ्या दुकानात मिळते. डावा खांदा उलट्या पद्धतीने बदलला असेल तर डाव्या हाताने मागून धुणं तीन महिने पूर्ण बंद. उजव्या हाताने धुवा, किंवा हाताने धरायचा फवारा बसवा, किंवा पाय रुंद ठेवून पुढून हात घाला. उजव्या हाताने धुवायला मन घेत नाही, हे समजतं. ऑपरेशनच्या आधीच्या आठवड्यात सराव करून ठेवला तर नंतर अवघड जात नाही. मन घेत नसलं तरी सांधा निसटण्यापेक्षा हे परवडतं.

व्यायाम कोणते, किती, कधी?

पहिले दोन आठवडे: दर तासाला मूठ दहा वेळा उघडा-मिटा. कोपर दहा वेळा वाकवा-सरळ करा, दिवसातून चारदा. दोन्ही फऱ्यांची पाती हलकेच मागे ओढून पाच सेकंद धरा, दहा वेळा. डॉक्टरांनी सांगितलं असेल तर लोंबता झोका: टेबल धरून वाका, हात सैल सोडा आणि कंबर हलवा, म्हणजे हात घड्याळाच्या लंबकासारखा आपोआप हलतो. एक-दोन मिनिटं, दिवसातून तीनदा. इथली नेहमीची चूक म्हणजे हातच गरागरा फिरवणं. मग तो झोका राहत नाही, स्नायूचं काम होतं.

दोन ते सहा आठवडे: पाठीवर झोपून चांगल्या हाताने ऑपरेशनचं मनगट धरा आणि तो हात छताकडे न्या, ९० अंशांपर्यंत. दहा वेळा, दिवसातून तीनदा. ऑपरेशनच्या हाताने जोर लावायचा नाही, तो नुसता पाहुणा.

सहा ते बारा आठवडे: दोन्ही हातांत लाटणं किंवा काठी धरून वर-खाली. भिंतीवर बोटं चढवत न्या आणि जिथवर पोचलात तिथे खडूने तारीख लिहा. एका दिवसात फरक दिसत नाही, पंधरवड्यात दिसतो. हार्डवेअरच्या दुकानातली छोटी कप्पी आणि दोन मीटर सुती दोरी आणा, कप्पी आढ्याला किंवा चौकटीच्या वर पक्की टांगा. तिच्या खाली खुर्चीवर बसा, चांगल्या हाताने दोरी खाली ओढा, दुसरा हात वर जाईल. हलक्या कामाला हात स्वतःहून उचलायला सुरुवात याच काळात होते.

बारा आठवड्यांनंतर ताकदीचे व्यायाम: आधी रबरी पट्टा, मग पाण्याची अर्ध्या लिटरची बाटली, म्हणजे बरोबर अर्धा किलो. दहा-पंधरा वेळा, एक दिवसाआड. दोन आठवडे न दुखता झाले तरच पुढचा अर्धा किलो.

दुखण्याचं माप असं: व्यायामानंतर तास-दोन तास ठणकलं तर चालेल. रात्रीची झोप मोडली किंवा दुसऱ्या सकाळी जास्त दुखलं तर दुसऱ्या दिवशी निम्मंच करा. गोळी घ्यायची असेल तर व्यायामाच्या अर्धा-पाऊण तास आधी. मेडिकलवरून आणलेल्या वेदनाशामक गोळ्या महिनोन्‌महिने खाऊ नका, मूत्रपिंडाला आणि पोटाला त्या महागात पडतात. व्यायामानंतर फडक्यात गुंडाळलेला बर्फ १५ ते २० मिनिटं. वीज नसेल तर माठाच्या पाण्यात भिजवलेला पंचा.

तेलाने मालिश? गावातल्या हाडवैद्याला दाखवावं का?

हात कोणालाही ओढू, झटकू किंवा "बसवू" देऊ नका. जखमेवर हळद, चुना, झाडपाल्याचा लेप नको. खपली पूर्ण पडल्यावर, साधारण सहा आठवड्यांनी, व्रणावर बोटाने खोबरेल तेल हलकेच चोळायला हरकत नाही.

पाणी कधी भरायचं? किती वजन उचलता येईल?

सहा आठवड्यांपर्यंत चहाचा कप, मोबाईल, जेवणाचा घास. बारा आठवड्यांपर्यंत एक-दोन किलो, तेही कोपर अंगाजवळ ठेवून. त्यापुढे हळूहळू. कायमचा हिशेब म्हणाल तर त्या एका हाताने दहा-बारा किलोच्या वर रोज उचलू नये, आणि डोक्याच्या वर त्याहून पुष्कळ कमी.

आता हंड्याचं गणित करा. एक लिटर पाणी म्हणजे एक किलो. पंधरा लिटरची घागर, भांड्यासकट सोळा-सतरा किलो. डोक्यावर नीट बसली की तिचा भार मानेवर जातो. खांद्याचं नुकसान होतं ते घागर डोक्यावर चढवताना आणि उतरवताना. म्हणून पहिले सहा महिने डोक्यावर पाणी नाही, आणि उलट्या सांध्याच्या बाईने तर कधीच नको. पाच लिटरची कॅन चांगल्या हातात, किंवा चाकाच्या गाड्यावर. टँकरच्या गर्दीत शिरायचंच नाही. हापशाचा दांडा वरून दाबताना दरवेळी खांद्याला हिसका बसतो, तो चार महिने बंद, नंतरही चांगल्या हाताने. विहिरीतून पोहरा शेंदणं हे याहून वाईट.

स्वयंपाक? भाकरी?

फोडणी, ढवळणं, निवडणं सहा आठवड्यांनी, ओट्याजवळ उभं राहून. कणीक मळायला जोर लागतो, ती आठ-दहा आठवड्यांनी आणि थोडी-थोडी. जोंधळ्याची भाकरी थापणं त्या मानाने सोपं, पण परात कमरेच्या उंचीवर हवी. जमिनीवर बसून थापताना माणूस परातीवर रेलतो. कुकर भरलेला उचलू नका. डबे वरच्या फळीवरून खाली आणून ठेवा, हे ऑपरेशनच्या आधीच करून घ्या.

शेतात कधी जाता येईल?

बांधावर फिरायला, गड्यांना काम सांगायला दोन-तीन आठवड्यांनी, पट्टा बांधून, ढेकळं नसलेल्या वाटेने. पडणं हा मोठा धोका: नव्या सांध्याची धातूची दांडी दंडाच्या हाडात बसवलेली असते, तिच्या टोकाशी ते हाड मोडलं तर ते जोडणं पहिल्या ऑपरेशनपेक्षा किचकट असतं. चिखलात, ओल्या गोठ्यात, रात्री मोटार चालू करायला एकट्याने जाऊ नका.

हात लावून कामाचा हिशेब कामागणिक वेगळा. कापूस वेचणी सगळ्यात सोयीची: कंबरेला ओटी, हात खांद्याच्या खाली, वजन नगण्य. साडेतीन-चार महिन्यांनी, ओटी वेळेवर रिकामी करत. गाठोडं दुसऱ्याने उचलायचं. खुरपणीत खुरप्यापेक्षा टेकलेल्या दुसऱ्या हाताची काळजी करावी, चार-पाच महिन्यांनी बघा. सोयाबीनची काढणी सहा महिन्यांनी, विळ्याचा हिसका लहान ठेवून. ज्वारी उपटणं, तुरी झोडपणं, कडब्याच्या पेंढ्या गंजीवर फेकणं यात झटका आहे, ती दुसऱ्यांना द्या. फवारणीचा १६ लिटरचा पंप भरला की वीस किलोच्या आसपास जातो आणि त्याचा पट्टा नेमका व्रणावर आणि खांद्याच्या टोकावर बसतो. पाठीवरचा पंप घेऊ नका.

जनावराचा कासरा हातात गुंडाळून धरू नका, कधीच. बैल बिथरला की जो हिसका बसतो त्यापुढे कुठलीच शिवण टिकत नाही. पोळ्याला बैल धुवायला, सजवायला जा, पण दावणीचं दुसऱ्याकडे. धार काढणं तीन महिन्यांनी जमतं, गाय गरीब असेल तर.

ऑपरेशनची तारीख तुमच्या हातात असेल तर रब्बीची काढणी उरकून फेब्रुवारी-मार्चमध्ये घ्या. जूनच्या पेरणीला तुम्ही तीन-चार महिन्यांचे असाल, म्हणजे देखरेखीपुरते. ऑक्टोबरच्या सोयाबीनला सात महिने झालेले असतील. उन्हाचा त्रास होईल, पण एक हंगाम पूर्ण हातचा जाणार नाही.

ऊसतोडीला जाता येईल का?

नाही. कोयत्याचा फटका, डोक्यावर मोळी, मोळी घेऊन शिडीने ट्रकवर चढणं, दिवसाला शेकडो वेळा, हे कुठल्याही खांदेबदलाच्या सांध्याला झेपणारं काम नाही. वाटी लवकर सैल होईल. बीड-धाराशिवकडच्या कोयत्यावरच्या कुटुंबांना हे उत्तर कडू आहे. उचल घेण्याआधी हा निर्णय झालेला हवा, मुकादमाचे पैसे अंगावर घेतल्यावर कळून उपयोग नाही.

गाडी, ट्रॅक्टर, एसटी?

चारचाकी साधारण सहा ते आठ आठवड्यांनी, पट्टा सुटल्यावर आणि अचानक स्टिअरिंग वळवता येतं याची मोकळ्या जागेत खात्री करून. दुचाकी तीन महिन्यांनी, किक मारायची नसेल तर. पट्टा बांधून मागे बसणंही टाळा, खड्ड्यात धरायला हात नसतो. ट्रॅक्टर चार महिन्यांनी. पॉवर स्टिअरिंग नसलेला जुना ट्रॅक्टर शक्यतो नकोच. चढताना स्टिअरिंगला लटकून वर ओढून घ्यायची सवय असते, तेवढी सोडा.

एसटीत चांगल्या हाताने दांडा धरून चढा, वरच्या कडीला ऑपरेशनच्या हाताने लोंबू नका. बसताना तो खांदा खिडकीकडे ठेवा, म्हणजे वाटेतल्या पिशव्या आणि कंडक्टरची ये-जा आदळणार नाही. उजवा खांदा असेल तर उजव्या रांगेत खिडकीशी, डावा असेल तर डाव्या रांगेत.

नोकरी, दुकान?

टेबलावरचं काम तीन ते सहा आठवड्यांत. शिक्षकांनी फळ्यावर डोळ्यांच्या पातळीच्या खालीच लिहावं, तेही तीन महिन्यांनी. दुकानाचं शटर सहा महिने दुसऱ्याने.

खेळ, योग, पोहणं?

चालणं दुसऱ्या दिवसापासून, तेच सगळ्यात चांगलं औषध. प्राणायाम लगेच. हात टेकून भार देणारी आसनं (भुजंगासन, मयूरासन, सूर्यनमस्कारातल्या मधल्या स्थिती) वर्षभर तरी नकोत, आणि पाठीमागे हात बांधणारं गोमुखासन उलट्या सांध्याला कायमचं वर्ज्य. पोहणं सहा महिन्यांनी, हात पाण्याखालून जातील असं. विहिरीत उडी नाही. बॅडमिंटन दुहेरी, हलक्या हाताने. कबड्डी, कुस्ती, व्हॉलीबॉलची सर्व्हिस संपली.

वारी, देवदर्शन, नमाज?

चालायला हरकत नाही. पैठणहून नाथांच्या पालखीबरोबर जायचं असेल तर ऑपरेशनला चार-सहा महिने झालेले असावेत, पिशवी दुसऱ्या खांद्यावर आणि टाळ छातीच्या पातळीला. फुगडी, पावली नको. रिंगणाच्या आणि दर्शनबारीच्या रेट्यात शिरू नका. लोटांगण, साष्टांग नमस्कार बंद, उभ्याने हात जोडा. नमाजात सजद्याला हातावर भार येतो, म्हणून खुर्चीवर बसून पढा.

तंबाखू, मिशरी, साखर?

तंबाखू, गुटखा, बिडी आणि मिशरी, चौघांतही निकोटीन. त्याने रक्तवाहिन्या आकसतात आणि शिवलेला स्नायू उशिरा धरतो. चार आठवडे आधीपासून तीन महिने नंतरपर्यंत बंद. मधुमेह असेल तर साखर ताब्यात नसताना ऑपरेशनची घाई करू नका, जंतुसंसर्गाचं ते मोठं कारण आहे.

कधी लगेच दवाखाना गाठायचा?

एकदम कळ, खांद्याचा आकार बदलला, हात उचलेनासा झाला: सांधा निसटला असू शकतो. हात ओढू देऊ नका, आहे तसा बांधा आणि त्याच दिवशी एक्स-रे. जखमेतून पाणी किंवा पू, वाढती लाली, ताप. पोटरी सुजून दुखते, दम लागतो, छातीत दुखतं: १०८ ला फोन.

आणखी एक, जे हमखास दुर्लक्षिलं जातं. उलट्या सांध्यानंतर काही महिन्यांनी, काम अचानक वाढवल्यावर, खांद्याच्या अगदी टोकावर किंवा मागे बोट ठेवून दाखवता येईल असं दुखू लागतं. फऱ्याच्या टोकाला ताणाने चीर पडलेली असू शकते. साध्या एक्स-रेत ती चुकते, सीटी स्कॅनमध्ये सापडते. लवकर थांबलात तर बहुधा पट्टा आणि विश्रांतीवर भागतं. हाडं ठिसूळ असलेल्या बायकांनी जास्त जपावं.

हात किती वर जाईल? सांधा किती वर्षं टिकेल?

साध्या बदलात बहुतेकांचा हात डोक्याच्या वर बराच जातो, उलट्यात साधारण १२० ते १४० अंश, म्हणजे कपाळाच्या थोडा वर. सुधारणा वर्षभर चालते. सांधा दहा वर्षांनंतरही दहापैकी नऊ जणांत शाबूत असतो, योग्य वापरला तर. वर्षाची तपासणी आणि त्यानंतरचे अधूनमधूनचे एक्स-रे चुकवू नका: वाटी सैल व्हायला लागल्याचं दुखण्याआधी एक्स-रेत दिसतं.

विमानतळ, एमआरआय, दाताचं काम?

चिकलठाण्याच्या किंवा नांदेडच्या विमानतळावर यंत्र वाजू शकतं, डिस्चार्ज कार्डाचा फोटो मोबाईलमध्ये ठेवा. एमआरआय बहुतेक वेळा करता येतो, आधी सांगा. दात किडला, पायाला चिघळलं, लघवीला जळजळ असेल तर दुखणं काढत बसू नका, रक्तातून जंतू सांध्यात जातात. दात काढायच्या आधी सर्जनना विचारा.

गावात फिजिओथेरपिस्ट नाही. रोज शहरात जाणं परवडत नाही.

रोज जायची गरज नाही. चार भेटी मात्र मोजून घ्या: टाके काढताना, सहाव्या आठवड्यात, बाराव्या आठवड्यात आणि सहाव्या महिन्यात. तपासणीचा दिवस आणि फिजिओचा दिवस एकच ठरवा. प्रत्येक भेटीत पुढच्या टप्प्याचे व्यायाम समोर करून दाखवा आणि घरच्या माणसाला मोबाईलवर त्याचा व्हिडिओ काढू द्या. घाटी (छत्रपती संभाजीनगर), अंबाजोगाई, लातूर, नांदेड इथल्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांच्या रुग्णालयांत चौकशी करा, आणि महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत काय बसतं ते तिथल्या आरोग्यमित्राला ऑपरेशनच्या आधीच विचारा, रेशनकार्ड आणि आधारसह. भेटीला जाताना डिस्चार्ज कार्ड, जुने एक्स-रे आणि भिंतीवरच्या खडूच्या खुणांचा फोटो सोबत न्या.